केसपेपर, रेशनकार्ड, पॉलिसी

रेशनकार्डाची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढायची, तहसीलचा शिक्का दिसला पाहिजे, आणि कार्डावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईत सरकारी दवाखान्याच्या रस्त्याला दुकान टाकल्यापासून ही तीन वाक्यं किती जणांना सांगितली याची गणती नाही. दवाखान्याचं पूर्ण नाव स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. एवढं नाव पेशंटच्या तोंडात बसत नाही, म्हणून सगळा पट्टा त्याला ‘स्वाराती’ म्हणतो. माझ्याकडे आधी एसटीडी बूथ होता, मग झेरॉक्स आली, आता ऑनलाइन फॉर्मही भरून देतो. यंत्रं बदलली, गिऱ्हाईक तेच. हातात पिशवी, पिशवीत कागदांची चळत, आणि नेमका लागणारा कागद घरी राहिलेला.

मी सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलंय हे गिऱ्हाइकांना ठाऊक आहे आणि माझा स्वतःचा मेडिक्लेम आहे हेही. त्यामुळे ‘सरकारी बरं का विमा बरा?’ असं मला सारखं विचारतात. मी सांगतो, पण ते लांबतं. कारण सांगायला आजीपासून सुरुवात करावी लागते.

आजीच्या काळात आमच्या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. निजामाचं राज्य, आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी इथे होऊन गेलेली. रयतेचं दुखणं मात्र वैद्य, हकीम, सुईण आणि योगेश्वरीवर सोडलेलं. आजीच्या पोटरीतून नारू निघाला होता. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय घालायचे, तेच पाणी घागरीत यायचं. पाण्यातल्या सूक्ष्म पिसवांबरोबर किडा पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा बाहेर डोकावायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर, आणि नेमका पेरणीच्या दिवसांत. आजी ते सांगताना अजून काडी फिरवत असल्यासारखी बोटं फिरवायची.

हा नारू गेला कसा? 1972 च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर आणि हातपंप आले, 1983-84 पासून देशभर नारू निर्मूलनाचा कार्यक्रम चालला, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त झाल्या, पाण्यात औषध पडलं, घरोघर कापडातून पाणी गाळायला शिकवलं. 1996 च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मेडिक्लेमचा विषय निघाला की मी नारू काढतो, तेव्हा एजंट मंडळी वैतागतात. पण कितीही हप्ता भरा, विहिरीला कठडा बांधून देणारी पॉलिसी मी अजून पाहिलेली नाही.

1948 हे आमच्याकडे पोलीस ॲक्शनचं साल. 17 सप्टेंबरला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मोकळा झाला. त्याच वर्षी 5 जुलैला इंग्लंडात सगळ्या नागरिकांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, आणि त्याआधी एप्रिलमध्ये आपल्याकडे कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, ज्याला सगळे ईएसआय म्हणतात. म्हणजे दोन्ही रस्ते एकाच वर्षी दिसत होते. एक, सरकारने दवाखाना बांधावा आणि येईल त्याला तपासावं; दुसरा, पगारातून हप्ता कापावा आणि हप्ता भरणाऱ्याला तपासावं. देशाने खेड्यासाठी पहिला रस्ता धरला, निदान कागदावर. 1946 च्या भोर समितीच्या अहवालाचा गाभाच हा होता की खिशात पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रांची सुरुवात झाली. इमारती आल्या. डॉक्टर यायला फार वेळ लागला, आणि आलेला डॉक्टर बदलीच्या अर्जासकट यायचा.

आमच्या पाटोदा-आष्टीच्या शिवेला लागून जामखेड आहे. जिल्हा नगरचा, पण बाजार आणि सोयरीक आमच्याशी. तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोने काम सुरू केलं. गावातल्याच बायका निवडल्या, त्यांतल्या कितीतरी अंगठेबहाद्दर, आणि त्यांना बाळंतपण, ताप, जुलाब, मुलांचं वजन हे सगळं शिकवलं. 1979 ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2005 नंतर जी ‘आशा’ गावोगाव दिसायला लागली, तिची थोरली बहीण जामखेडची. माझ्या पाहण्यात आजार सर्वांत स्वस्तात तिथे आवरला गेला, दवाखान्याच्या दारात पोचायच्या आधी.

स्वाराती 1974 चं. मराठवाडा विकास आंदोलन पेटलं तेच साल. हैदराबाद मुक्तिलढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ एकेकाळी इथल्या योगेश्वरी शाळेत शिकवत, त्यांचं नाव कॉलेजला दिलं. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख गावातलं शेंबडं पोरगंही सांगतं. त्याआधी मोठं दुखणं म्हणजे औरंगाबादचा घाटी दवाखाना, नाहीतर बार्शी, सोलापूर. बीड शहराला रेल्वे आली ती 2025 च्या 17 सप्टेंबरला, यावरून तेव्हाच्या प्रवासाची कल्पना करा. बाळंतीण बैलगाडीत आणि मग एसटीच्या मागच्या बाकावर.

माझ्या हर्नियाचं ऑपरेशन मी विशीत असताना स्वारातीत झालं. खिडकीवर केसपेपर काढला, त्यावर नाव, वय, गाव. डॉक्टरांनी विचारलं ते एवढंच: काय उचलतोस, कधीपासून दुखतं. मग विद्यार्थ्यांचा घोळका. ‘खोकून दाखवा’ म्हणत एकामागून एक सगळ्यांनी तपासलं. शेवटी शेवटी त्यांच्या सरांनी प्रश्न विचारला की उत्तर मला आधी यायचं. आई दोन खाटांच्या मधल्या जागेत घोंगडी टाकून झोपायची आणि अंगणातल्या लिंबाखाली स्टोव्हवर माझ्यासाठी भाताची पेज करायची. तिथे तिला धारूरच्या डोंगरातल्या, परळीच्या, रेणापूरच्या बायका भेटल्या. सुट्टी झाली त्या दिवशी ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. बिल नव्हतंच, त्यामुळे सुट्टीला उशीर व्हायचं कारणही नव्हतं.

विमा आमच्याकडे पायाने चालत आला, तोही फार उशिरा. 1973 च्या आरंभी सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण होऊन 107 कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. या चौघींनी 1986 साली मेडिक्लेम काढला. अंबाजोगाईत तेव्हा विमा म्हणजे एलआयसी, आणि एलआयसी म्हणजे मेल्यावर पैसे. जिवंत माणसाच्या दवाखान्याचं बिल कंपनी भरेल हे कुणाच्या गळी उतरत नव्हतं. 2000 नंतर खासगी कंपन्या आल्या आणि त्यांचे एजंट मोटारसायकलवर फिरू लागले. त्यांच्यातला एक माझ्या दुकानात रोज ब्रोशरच्या झेरॉक्स काढायचा. पन्नाशी जवळ आली तशी मीही पॉलिसी घेतली.

फॉर्म भरताना केसपेपर आठवला. केसपेपर विचारतो तुला काय होतंय. फॉर्म विचारतो तुला पूर्वी काय झालं होतं. बीपी आहे का, साखर आहे का, आई-बापाला काय होतं. मी सगळं खरं लिहिलं, हर्नियासुद्धा. आधीपासूनच्या आजाराला चार वर्षं थांबा. आता नियम बदलून ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे. मोतीबिंदू, मूळव्याध, हर्निया, पित्ताशयाचे खडे, गर्भाशय काढणं, यांना साधारण दोन वर्षं. यात कंपनीचं चुकतं असं मी म्हणणार नाही. घर पेटल्यावर विमा काढायला येणाऱ्याला कोण विमा देईल? धंदा आहे. पण पेशंटच्या बाजूने पाहिलं तर त्याचा अर्थ एवढाच की विमा धडधाकट माणसाने घ्यायचा असतो, आणि बीड जिल्ह्यात धडधाकट माणसाच्या हाती पैसा असलाच तर तो बियाण्यात, नाहीतर लेकीच्या लग्नात जातो.

2018 साली माझ्या पित्ताशयात खडे निघाले. पॉलिसी जुनी झाली होती, म्हणून औरंगाबादच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. खरं सांगायचं तर सुख काय असतं ते कळलं. सकाळी भरती, दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन. डॉक्टरांनी कागदावर पित्ताशयाचं चित्र काढून शांतपणे समजावलं, तेही खुर्ची ओढून बसून. एवढा वेळ मला आयुष्यात कुठल्या डॉक्टरने दिला नव्हता. बायकोला झोपायला वेगळा पलंग.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर ‘जा घरी’ म्हणाले. कंपनीच्या मध्यस्थ ऑफिसकडून, म्हणजे ज्याला सगळे टीपीए म्हणतात तिथून, मंजुरी येईपर्यंत दिवेलागण झाली. माझी पॉलिसी तीन लाखांची, आणि त्यात खोलीभाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे तीन हजार. मला मिळालेली खोली पाच हजारांची होती. मला वाटलं, वरचे दोन हजार आपण भरू. तसं नसतं. खोली महागाची घेतली की सर्जनची फीसुद्धा महागाची समजतात आणि त्याच प्रमाणात कापतात. पाचातले तीन म्हणजे साठ टक्के. तीस हजारांच्या सर्जन फीचे अठरा मंजूर, ऑपरेशन थिएटरच्या दहा हजारांचे सहा. वर हातमोजे, कापूस, टोप्या, नोंदणी फी, हे ‘देय नाही’ म्हणून वेगळं. तो कागद मी दुकानात लावलेला नाही, पण कुणी पॉलिसी घ्यायला निघालं की ड्रॉवरमधून काढून दाखवतो आणि सांगतो, पहिल्यांदा खोलीभाड्याची ओळ वाच. आता औषधं आणि तपासण्यांना अशी कात्री लावता येत नाही, हा त्यानंतर 2020 मध्ये झालेला बरा बदल.

या दोन टोकांच्या मध्ये तिसरा कागद आला, तो सरकारी विम्याचा. 1997 साली राज्याने जीवनदायी योजना काढली, हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा मोठ्या दुखण्यांसाठी. 2 जुलै 2012 ला तिचं रूप पालटून राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात नांदेड होतं, आम्ही नव्हतो. 21 नोव्हेंबर 2013 ला ती राज्यभर झाली आणि माझ्या दुकानापुढे रांग लागली. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला वर्षाला दीड लाखांपर्यंत उपचार, 971 प्रकारची ऑपरेशनं आणि उपचार, हप्ता सरकार भरणार, कुटुंबामागे 333 रुपये. 2017 मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत बीड असल्यामुळे आमच्याकडे पांढऱ्या कार्डाचा शेतकरीही चालायचा, फक्त बरोबर सातबारा पाहिजे. दवाखान्यात दाखल व्हायला सातबारा लागतो हे मुंबईच्या पाहुण्याला सांगितलं तर त्याला मी थट्टा करतोय असं वाटलं.

या योजनेला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. केज तालुक्यातला कापूस लावणारा माणूस केशरी कार्डावर बायपास करून येतो आणि सावकाराच्या दारात जात नाही, हे पूर्वी शक्य नव्हतं. योजनेत घेतलेल्या दवाखान्यात पेशंटचे कागद बघणारा आरोग्यमित्र म्हणजे आमच्या लोकांना इंजिनिअरपेक्षा मोठा माणूस. पण ही योजना पेशंटला खाटेवर आडवा झाल्याशिवाय ओळखत नाही. बीपीची रोजची गोळी, अंगावरून पांढरं जाणं, कंबरदुखी, मुलाचा ताप, यांना ना योजना विचारते ना माझी पॉलिसी. ते काम आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागाचं. तिथे डॉक्टर नसला की माणूस दुखणं अंगावर काढतो, आणि अंगावर काढलेलं दुखणं पुढे ऑपरेशनच्या यादीत बसण्याइतकं मोठं होतं.

ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं जे झालं ते या पोकळीत झालं. 2019 मध्ये आमचा जिल्हा त्यासाठी देशभर गाजला. तीन वर्षांत 99 खासगी दवाखान्यांत 4,605 गर्भाशयं काढली, अशी माहिती विधिमंडळात आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. बाहेरचे पत्रकार विचारायचे, विम्याच्या पैशासाठी झालं का? तसं इतर राज्यांत झालं होतं. 2012 मध्ये छत्तीसगडात आणि बिहारच्या समस्तीपुरात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या तीस हजारांसाठी गर्भाशयं काढल्याची प्रकरणं उघडकीला आली. आमच्याकडे विमा कंपनीची गरजच पडली नाही. इथे मुकादमाने हंगामाआधी दिलेली उचल होती.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीला उचल घेऊन निघायचं, कारखान्याच्या फडाजवळ कोपी घालायची, पहाटे तोडायला लागायचं आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एक दिवस खाडा झाला तर उचलीतून दंड कापला जातो, पाचशे रुपयांच्या घरात. पाळीचे दिवस, आंघोळीला आडोसा नाही, प्यायला धड पाणी नाही. फडावर कुणी डॉक्टर फिरकत नाही. गावी आल्यावर खासगीत दाखवलं की सोनोग्राफी, ‘सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य, आणि ऑपरेशन. पैसे उचलीतले, आणि ते फेडायला पुढचा हंगाम.

गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम झाल्यानंतर एक बाई माझ्याकडे झेरॉक्सला आली. तिशीही नसेल. पिशवीत चार सोनोग्राफी रिपोर्ट, वेगवेगळ्या गावचे, वेगवेगळ्या नावांनी. एकात माहेरचं आडनाव, एकात सासरचं, दोनांत नुसतं ‘कोयता नंबर’ लिहावा तसं नाव आणि नवऱ्याचं नाव. “काका, सगळ्यांची काढा,” म्हणाली. सिव्हिलला बीडला दाखवायला निघाली होती. मी विचारलं, “औषध घेतलंस का कधी? गोळ्यांचा कोर्स?” तिने आठवून पाहिलं. गोळ्यांची चिठ्ठी एकातही नव्हती. पैसे घ्यायला मी नको म्हणालो तर रागावली. बीडला काय झालं ते कळलं नाही.

आता तो 1948 चा ईएसआय कायदा. कामगाराच्या आजारपणासाठी देशातला सर्वांत जुना मोठा विमा. 1952 साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाला. हंगामी कारखाने त्यातून वगळलेले आहेत, आणि हंगामी म्हणजे कुठले याच्या व्याख्येत साखर नावाने घातली आहे, गुळासकट. तोडणारे तर कारखान्याचे कामगार म्हणून हजेरीपटावर नसतातच, ते मुकादमाचे. भाऊबंदांतला एक पोरगा चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत लागला. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांवरही त्याच कार्डावर उपचार होतात. त्याच्या आईचे गुडघे उसात गेले. इलाज चालला आहे तो गाड्यांच्या सुट्या भागांवर.

करोनात कागदाची किंमत कळली. मे 2020 मध्ये राज्याने फुले योजना सगळ्यांना खुली केली, जुलैत ‘कोरोना कवच’ नावाच्या पॉलिसी आल्या, लोकांनी दोन्ही कागद जमवून ठेवले. एप्रिल 2021 मध्ये खाट आणि ऑक्सिजन नव्हता. त्या महिन्यात अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून 22 मृतदेह स्मशानात नेले, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. कुणाकडे कुठलं कार्ड होतं ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

हल्ली चौकशा बदलल्या आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरसुद्धा. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याची, त्यामुळे त्यांना ते लागू झालं नाही. केजच्या उपजिल्हा रुग्णालयातून इकडे पाठवलेला पेशंट विचारतो, तिकडे फुकट, इकडे कसे पैसे? मी त्याला दोन मंत्र्यांची दोन खाती समजावतो. तो ऐकून घेतो आणि म्हणतो, दवाखाना तर सरकारचाच ना. पुढे फुले योजना रंगाची अट सोडून सगळ्या कार्डांना लागू झाली, रक्कम पाच लाख. म्हणजे माझ्या पांढऱ्या कार्डालाही आता सातबारा नको.

मग मी पॉलिसी बंद करू का? साठी ओलांडल्यावर हप्ता असा वाढला की डोळे पांढरे होतात. सप्टेंबर 2025 मध्ये हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला तेवढाच दिलासा. मी बीपीची गोळी सरकारी दवाखान्यातून घेतो, तपासणीही तिथेच करतो. मोठं काही निघालं तर आधी स्वारातीत दाखवणार, कारण तिथल्या डॉक्टरला माझं ऑपरेशन करून काही मिळवायचं नसतं. तरी पॉलिसी ठेवली आहे. लेक पुण्यात आहे, तिच्याकडे असताना मध्यरात्री छातीत दुखलं तर योजनेचा दवाखाना आणि आरोग्यमित्र शोधत फिरायचं नाही, एवढ्यासाठी. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घेतली आहे, थोडी महाग पडली.

बायकोला हे पटत नाही. तिच्या आईने नवऱ्याच्या टायफॉइडला पाटल्या सोनाराकडे ठेवल्या होत्या आणि पुढच्या सुगीला सोडवून आणल्या होत्या. हप्त्याच्या पैशात दरवर्षी थोडं सोनं घेतलं असतं तर आज केवढं झालं असतं, हा हिशेब ती मला हप्त्याचा मेसेज आला की मांडून दाखवते. सोनं कुठल्याही दवाखान्यात चालतं, त्याला टीपीए नाही, आणि चार वर्षं थांबा असं सोनार कधी म्हणत नाही. भाव पाहता तिचा आकडा खोटा नाही, म्हणून मी मेसेज आला की आधी मोबाइल उलटा ठेवतो.